शेवटची ओंजळ

सर्वपित्री अमावास्येला हरी मुंबईहून श्रीवर्धनला घरी आला. त्याचे वडील, अण्णा, सुपारीच्या वाडीत फुरसं चावून गेले, तेव्हापासून तो मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापाच्या विषावर औषध शोधत होता.

"औषध आधी सशांना टोचतोस म्हणे. मरतात ना रे ते?" आईने विचारले.

"बरेचसे मरतात."

"मग तुझ्या हातचं पाणी तुझे अण्णा कसे घेतील?" तिने तिळांची वाटी पदराआड धरली.

हरी नुसत्या पाण्यानेच तर्पणाला बसला. सगळ्या पितरांची नावे घेऊन झाली, तरी त्याने आणखी एक ओंजळ भरली.

"ही कुणाची रे?"

"सशांची, आई. त्यांना दुसरं कोण आहे?"

आईने वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"थांब. तीळ घे. आणि अण्णांपासून पुन्हा दे."