सहा मोजत सोडा

डोळ्याचं ऑपरेशन तासाभरावर आलं, तरी शिंपीकाकांचं बीपी काही उतरेना. उतरलं नाही तर आजचं ऑपरेशन रद्द. सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकान आधीच दोन महिने बंद होतं.

"काका, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा," नर्स म्हणाली. "भल्याभल्यांचं उतरतं यानं."

काकांनी इमानेइतबारे तसं केलं. नर्सनं दंडाला पुन्हा पट्टा आवळला. बीपी उलट वाढलं होतं.

"अहो, श्वास घेताय की शिलाई मशीन मारताय? आणखी सावकाश सोडा."

काकांनी आणखी सावकाश सोडला. कपाळाला घाम फुटला, हात गार पडले.

"इतकं काय घाबरता ऑपरेशनला?"

"ऑपरेशनला कोण घाबरतंय, बाई? आमची ही गेली, त्या दिवशी तिच्या उशाशी बसून मी असेच आकडे मोजत होतो. तिनं एक श्वास सोडला की दुसरा घेईपर्यंत. आधी सहा व्हायचे, मग दहा, मग वीस. शेवटी मोजत मोजत शंभराच्या पुढे गेलो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला."