दाखवायचा ढीग

पुढचा ढीग जागेवर नव्हताच. फाटकातून आत शिरतानाच व्यवस्थापकाच्या ते लक्षात आलं. मागोमाग पाणी तपासणी खात्याच्या बाई येत होत्या, हातात नमुन्याची रिकामी बरणी घेऊन.

सांडपाणी शुद्ध केल्यावर उरलेला गाळ वाळवायचा आणि शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचा, हे या केंद्राचं काम. पण गटारात कारखान्यांचंही पाणी मिसळे आणि गाळात शिसं उतरे. त्यावर व्यवस्थापकाने आपली शक्कल लढवली होती. नुसत्या घरांकडच्या गाळाचा एक ढीग पुढे घालायचा, उन्हात खालीवर करून भुसभुशीत ठेवायचा आणि सरकारी माणूस आला की नमुना तिथलाच द्यायचा. कारखान्यांकडचा काळा, चिकट ढीग मागे, भिंतीआड. आजवरचे तपासनीस चहा पिऊन, पुढच्याच ढिगात फावडं मारून खुशाल निघून गेले होते. ही बया चहालाही शिवायला तयार नव्हती!

“गाळ कुठाय?” बाईंनी विचारलं.

“आधी ऑफिसात बसू ना, मॅडम. उन्हातून आलात.”

“बसायला नाही आले मी. आणि टाळाटाळ पुरे झाली. नमुना नापास झाला तर खताचा परवाना रद्द, आणि तुमची खुर्चीही गेली म्हणून समजा.”

व्यवस्थापकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंवर ओरडता येत नव्हतं. गाळ उचलायच्या यंत्रावर त्याचा मेव्हणा आरामात बसला होता. बायकोने डोकं खाल्लं म्हणून त्याला इथे चिकटवला होता.

“ए दिवट्या! पुढचा ढीग कुठाय?”

“नेला की काल, दाजी.”

“नेला? कोणी सांगितलं होतं नसता शहाणपणा करायला? बैल कुठला! बहिणीच्या तोंडाकडे बघून पोसतोय तुला, नाहीतर कधीच हाकलला असता!”

आजूबाजूचे कामगार फिदीफिदी हसले. मेव्हण्याचे कान लाल झाले. शिव्या त्याला रोजच्याच होत्या, पण परक्या बाईसमोर, चार माणसांत? त्याने यंत्र बंद केलं आणि सावकाश खाली उतरला.

“ताईनेच सांगितलं,” तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. “आपल्या शेतात भाजी लावायचीय ना? पुढचाच ढीग टाक, मागचं एक फावडंही येता कामा नये, असं दहादा बजावलंय तिने. त्यात विष असतं म्हणे. तुम्हीच सांगितलंत ना घरी? लावा फोन, विचारा.”

“चेष्टेखोर आहे हो, मॅडम,” व्यवस्थापक हसला. आता दुसरं कोणी हसत नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या मेव्हण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मग मागचा ढीग कुठे जातो?”

व्यवस्थापक डोळे वटारून बघत होता. मेव्हण्याने ते नीट पाहिलं.

“तो होय? तो बाकीच्यांना,” तो म्हणाला. “ते कुठे आमचे कोण लागतात!”