दुसरा वाढदिवस

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवायच्या तर त्या पूर्ण चालवाव्या लागतात, म्हणून सुलभा समोरच बसली होती. पडद्यावर तिच्या मंदारचा दुसरा वाढदिवस चालू होता.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे फाडकन फुगा फुटला. आजी दचकली, आत्याच्या हातातली सुरी पडली, मांडीवरचं तान्हं रडू लागलं. मंदार मात्र शांतपणे बोटावरचं क्रीम चाटत राहिला.

सुलभाने कॅसेट तीनदा मागे नेली. तिन्ही वेळा त्याने साधी मानही वळवली नाही.

त्याला मोठा ताप आला तो यानंतर चार महिन्यांनी, आणि तेव्हा डॉक्टर नवऱ्याने घरीच इंजेक्शन दिलं होतं. “तुमच्या सुईने माझ्या लेकराचे कान गेले,” हे ती सत्तावीस वर्षं ऐकवत आली होती. नवरा कधी उलटून बोलला नाही. फक्त त्याच वर्षी त्याने दवाखाना बंद केला.

“अगं, कसले फटाके फोडतेयस?” स्वयंपाकघरातून त्याने हसत विचारलं.

“अहो,” ती कशीबशी म्हणाली, “जरा इथे येऊन बसता?” आणि तिने चौथ्यांदा कॅसेट मागे नेली.