सुरी सापडली का?

सुज्ञ वाचकहो, स्वतः केलेल्या नियमापुढे एका ताठ मानेच्या माणसास मान कशी खाली घालावी लागली, तो प्रसंग येथे यथामती निवेदन करीत आहे.

गुणांची नोंद ठेवणाऱ्या ऑड्रेने गुण वाचून दाखवले आणि मैदानावर हशा उसळला. मर्डोक गिलिस, उणे वीस. त्याचा जावई सेमीसी, शून्य. बाकी सारे उण्यातच. म्हणजे न्यूझीलंडमधल्या वायाऊ खोऱ्याच्या शिकारी मंडळाचा चषक सेमीसीला, ज्याने एकही गोळी झाडली नव्हती!

मर्डोक मंडळाचा अध्यक्ष. स्पर्धा खऱ्या शिकारीसारखी व्हावी, हा आग्रह त्याचाच. रायफल डोंगरात खांद्यावर वागवता येईल एवढीच असावी. तिला टेकू नसावा. पुठ्ठ्याच्या हरणाच्या छातीत गोळी लागली तर दहा गुण, हुकली तर शून्य, आणि पोटात वा मांडीत लागली तर उणे दहा. या शेवटच्या कलमावर सभेत कुरकुर झाली, तेव्हा तो उभा राहून गरजला होता, "हुकलेला शिकारी घरी जाऊन जेवतो. जखमी हरीण कुठे जातं, सांगा!" टाळ्यांच्या कडकडाटात नियम संमत झाला होता.

आज समुद्राकडून झोंबरा वारा सुटला होता. पाळी आली तेव्हा सेमीसीने गुडघा टेकला, बराच वेळ नेम धरला, आणि मग रायफल रिकामी करून तो उठला.

"ह्या वाऱ्यात नाही मारणार," एवढेच तो म्हणाला.

"काय रे, सुरी सापडली का?" मागून कोणीतरी ओरडले होते.

ही थट्टा मर्डोकनेच सुरू केलेली. गेल्या शरद ऋतूत सासरा-जावई डोंगरात गेले होते. मर्डोकने मोठ्या शिंगांच्या एका नर हरणावर गोळी झाडली. "साफ हुकली," असे तो स्वतःच म्हणाला. उतरताना सेमीसी थबकला. "माझी सुरी वर राहिली. तुम्ही व्हा पुढे." तो उगवला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चिखलाने माखलेला. तोवर मर्डोकच्या साठाव्या वाढदिवसाची पंगत उठून गेली होती. "सुरी शोधायला पार आपल्या टोंगा बेटापर्यंत जाऊन आला आमचा जावई!" असे मर्डोक वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिला.

"थांबा!" आता तो म्हणाला. "निदान एक गोळी तरी झाडलीच पाहिजे. एवढा नियम घालायचा राहिला. आत्ता घालू."

"निकाल लागल्यावर?" ऑड्रेने चष्म्यावरून पाहिले. "मग त्या पुठ्ठ्याच्या हरणालाच बाद करा की, अध्यक्षमहाराज!"

पुन्हा हशा झाला. मर्डोक पुठ्ठे काढण्याच्या निमित्ताने तडक निशाण्यांकडे चालू लागला. सेमीसी मागोमाग गेला. मर्डोकच्या हरणाच्या पोटात दोन भोके होती. त्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"वारा होता रे," मर्डोक पुटपुटला.

"त्या दिवशीही होता."

"तुला काय कळतंय त्यातलं? डोंगरात एक गोळी तरी झाडलीयस का आजवर?"

"एक झाडलीय." सेमीसीने मागे वळून पाहिले. ऐकू जाईल इतके जवळ कोणी नव्हते. "सभेत विचारलंत ना तुम्ही, जखमी हरीण कुठे जातं म्हणून? ओढ्याच्या वर, नेच्यांच्या दाटीत. रक्ताचा माग होता, पण गाठायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोवर जिवंत होतं, बाबा."

मर्डोकचा हात पुठ्ठ्यावरच राहिला. त्या दिवशी गोळी सुटल्यावर ती अंगात शिरल्याचा धप्प असा आवाज त्यालाही ऐकू आला होता. तो आवाज त्याने वाऱ्याच्या खाती घातला होता, कारण खाली घर होते, पंगत होती, केक होता.

दोघे परत आले. "नवा नियम नको," मर्डोक कोणाकडेही न पाहता म्हणाला. त्याने चषक उचलला.

"सुरी सापडली का रे?" पुन्हा कोणीतरी हाळी दिली. सारे हसले. मर्डोकच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. चषक हाती देताना त्याने जावयाच्या कानाशी तोंड नेऊन विचारले,

"आणि सुरी?"

"ती कमरेलाच होती."

हे लेखन शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.
आपला ऋणी,
दगडू रामजी खापरे, वायाऊ खोरे