रंगाची परीक्षा

एवढा लखलखीत लाल रंग झाडातून निघूच शकत नाही, असं निवेदिता सकाळपासून मनाशी घोकत होती. प्रदर्शनात शेजारच्याच टेबलावर शाल्मलीचे हातमागाचे लाल स्टोल हातोहात जात होते आणि निवेदिताच्या डाळिंबसालीत रंगवलेल्या स्टोलची घडीही मोडली नव्हती. दुपारी एक दुकानदार बाई येणार होत्या. दोघींपैकी एकीचंच काम त्या दुकानात ठेवणार होत्या.

"पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा रंग गं, शुद्ध," शाल्मली ज्याला त्याला सांगत होती.

'शुद्ध म्हणे! पुडीतला रासायनिक असणार.' झाडाचा असला लाल रंग आंबटाला बिचकतो, पुडीतला ढिम्म राहतो, एवढं रसायनशास्त्र निवेदिताला येत होतं. शाल्मली चहा आणायला गेली, तशी निवेदिताने आपल्या पोह्यांवरची लिंबाची फोड उचलून शाल्मलीच्या टेबलावरच्या एका स्टोलवर पिळली.

थेंब पडले तिथे लाल रंग बघता बघता केशरी झाला. म्हणजे रंग खरा होता. आणि स्टोल बिघडला होता.

तेवढ्यात दुकानदार बाई आल्या आणि त्यांनी नेमका तोच उचलला. "अय्या, पळस फुललाय की! मला असेच हवेत. द्याल करून?"

चहा घेऊन आलेली शाल्मली ठिपक्यांकडे बघतच राहिली. "देते की," ती म्हणाली आणि निवेदिताच्या कानाशी लागली, "तू केमिस्ट्रीवाली ना? सांग ना, हे कशाने झालं असेल?"

निवेदिताने ओली बोटं ओढणीत लपवली. "बघावं लागेल," ती म्हणाली.