दाराकडं बघणारी

चेहरा जमलाय का ते बघायला आम्ही फॅन आर्टवाले चित्र आरशासारखं उलटं करतो. कुठं तिरकं गेलंय ते लगेच कळतं.

क्लासला दांडी मारून मी लातूरच्या रूमवर दुपारभर टॅबवर माझ्या आवडत्या जपानी अ‍ॅनिमेतली मुलगी काढत होते. चित्र उलटं केलं. तिची वेणी डावीकडून उजवीकडं गेली, तलवारही गेली. डोळे मात्र होते तसेच, आमच्या दाराकडं.

"उर्वी, डोळे वेगळ्या लेयरवर असतील, ते उलटले नसतील," माझी रूममेट इरा म्हणाली. ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"न्हाई गं, सगळं एकाच लेयरवर हाय."

मी टॅब घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन बसले. तिथूनही ती दाराकडंच बघत होती.

"इरा, दार उघडं हाय का?"

"आतून कडी लावलीया की. झोपू दे."

मी पुन्हा टॅबकडं बघितलं. आत आलेल्या माणसामागं आपली नजर जाते, तशी तिची नजर दारापासून हळूहळू सरकत होती. इराच्या पलंगापाशी येऊन थांबली.

"उर्वी," भिंतीकडं तोंड ठेवूनच इरा वैतागली, "सरकून बस की जरा. जागा पुरंना."