गल्लीतली खाट

धाकट्या दिराने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

वहिनी गल्लीच्या मधोमध खाट टाकून बसली होती. मांडीवर गिऱ्हाइकाची पँट, हातात सुई. तिने मान वर केली नाही. टाका घातला, दोरा दातांनी तोडला.

‘या गल्लीतून पलीकडे जाण्यास वाहनांना मनाई’ असा फलक नुकताच कोपऱ्यावर लागला होता. फलकाखाली वाळू भरलेले दोन ड्रम आडवे ठेवले होते. पण कोणीतरी ते लोटून द्यायचं आणि मग मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलला कंटाळलेल्या गाड्या बिनधास्त आत घुसायच्या. आज सकाळी ड्रम पुन्हा गटाराशी लोळताना दिसले, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने सासूबाईंची जुनी खाट एकटीने फरफटत बाहेर आणली.

सासूबाईंना आता ती खाट चालत नव्हती. दूध आणायला निघाल्या असताना याच गल्लीत एका गाडीने त्यांना उडवलं होतं. गाडी थांबलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी पलंगावर पडून होत्या. पाय प्लास्टरमध्ये.

हॉर्न थांबला. दिराने काच खाली केली.

“वहिनी, हा काय तमाशा लावलाय? उठा. मला ऑफिस आहे.”

“मोठ्या रस्त्याने जा, भाऊजी.”

“तिकडे सिग्नलला किती वेळ जातो माहीत आहे? इथून पाच मिनिटं वाचतात.”

“त्या पाच मिनिटांचं करता काय तुम्ही?”

“उगाच शब्दाला शब्द वाढवू नका. मी काय परका आहे? माझ्या घरावरून जायला मला बंदी?”

“घरी या ना. गाडी बाहेर लावा आणि चालत या. आई वाट बघत असतात. रोज घरावरून जाता, उतरता कधी?”

दिराने स्टिअरिंगवर हात आपटला. “काल ड्रम सरकवले तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं! आज बरी सगळ्यांना...”

तो मध्येच थांबला. पण शब्द तोंडातून गेला होता.

वहिनीने सुई पँटमध्ये खोचली. पँटची घडी केली, शेजारी ठेवली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

“उतर खाली,” ती म्हणाली.

“वहिनी...”

“उतर म्हटलं ना!”

तो उतरला. दार धरून उभा राहिला.

“अपघात झाला त्या दिवशी आईच्या पायाशी बसून कोणाला शिव्या घालत होतास? सापडला तर फोडून काढीन म्हणत होतास. कोणाला?”

“त्या... त्या गाडीवाल्याला.”

“का? त्याला तरी काय हवं होतं? पाच मिनिटंच ना?”

त्याने खिडकीकडे पाहिलं. पडदा अर्धा सरकलेला होता. तो लगेच नजर वळवून खाली बघू लागला.

एव्हाना त्याच्या गाडीमागे गाड्यांची रांग लागली होती. एकेक हॉर्न सुरू झाला. मागच्या गाडीतून एकाने अर्धं अंग बाहेर काढलं.

“ओ बाई! उचला ती खाट! बापाचा रस्ता आहे का?”

वहिनी उत्तर द्यायला उठणार, तोच दीर गर्रकन वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो तरातरा त्या गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर थाडकन हात मारला.

“फलक वाचता येत नाही? रस्ता बंद आहे! मागे घे! घे म्हणतो ना मागे!”

“अहो, पण तुमचीच गाडी पुढे...”

“मागे घे!” त्याचा आवाज फाटला. “म्हातारी माणसं राहतात इथे! कळतं का तुला?”

गल्लीतल्या बायका दारात आल्या. मागची गाडी एकदाची मागे सरकू लागली, तिच्यामागची दुसरी, मग तिसरी. तो तिथेच उभा राहून ओरडत होता. आता नेमकं कोणावर, ते कळत नव्हतं.

खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, “कोण गं एवढं ओरडतंय?”

“आपलाच आहे,” वहिनी म्हणाली. खाटेवरून मात्र उठली नाही.